वाचक विचारतात : बडोद्याच्या इंदिराराजे आणि त्यांनी लिहिलेलं ते पत्र

मागच्या अंकात जयपूरच्या गायत्रीदेवींवर छोटा लेख आला होता, त्यात त्यांच्या आईचा म्हणजे बडोद्याच्या इंदिराराजे गायकवाड यांचा फक्त एका ओळीत उल्लेख होता की यांनी ग्वाल्हेरशी ठरलेलं लग्न मोडून कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं अख्खं सदर त्यांनाच देतेय. बरेच प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

ताई, १९११ साली राजघराण्यातल्या मुलीने स्वतः लग्न मोडलं हे काही पटत नाही. घरच्यांनीच मोडलं असणार ना? नक्की काय झालं होतं? (नाशिकहून एक वाचक)

नाही हो, घरच्यांना तर पत्ताच नव्हता. म्हणूनच मला ही गोष्ट एवढी मोठी वाटते.

आधी घर कुठलं ते बघा. इंदिराराजे म्हणजे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) आणि महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांची एकुलती एक मुलगी, जन्म १९ फेब्रुवारी १८९२. भाऊ बरेच, मुलगी ही एकच. तुम्ही नाशिकचे म्हणून सांगते, सयाजीराव मूळचे तुमच्याच जिल्ह्यातले, मालेगावजवळच्या कवळाण्याचे गोपाळराव, १८७५ साली बडोद्याच्या आधीच्या महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि शेतकऱ्याच्या घरातलं पोर बडोद्याच्या गादीवर बसलं. तर अशा माणसाची ही मुलगी, लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये वाढलेली आणि चक्क शाळा-कॉलेजात शिकलेली. राजकन्येला कॉलेजात घालणं ही त्या काळात साधी बाब नव्हती, बाकीच्या संस्थानांत मुलींचा सगळा जन्म पडद्याआड जात होता.

त्यांचं लग्न ठरलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. बडोदं २१ तोफांच्या सलामीचं (इंग्रज सरकार संस्थानांचा मान तोफांच्या संख्येने ठरवायचं, २१ म्हणजे सगळ्यात वरचा), ग्वाल्हेरही २१ तोफांचं, दोन्ही मराठा घराणी, म्हणजे कागदावर याच्यापेक्षा चांगली सोयरीक सापडणार नाही. पण माधवराव इंदिराराजेंपेक्षा १५ वर्षांनी मोठे, त्यांचं एक लग्न आधीच झालेलं, त्या राणीला मूल नव्हतं म्हणून दुसरं करायचं होतं. शिवाय ग्वाल्हेरला पडदा कडक. कॉलेजात जाऊन आलेल्या, आईवडलांबरोबर युरोप बघितलेल्या मुलीला धाकटी राणी म्हणून जनान्यात जाऊन बसायचं होतं.

मग आला डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार, बादशहा पाचवे जॉर्ज स्वतः आलेले, देशभरातले राजे-महाराजे तंबू ठोकून होते आणि सगळ्यांची एकमेकांच्या छावणीत ये-जा चालू होती. तिथे इंदिराराजे आणि कूचबिहारचे धाकटे राजपुत्र जितेंद्र नारायण भेटले आणि एकमेकांच्या प्रेमात पडले. इंदिराराजे १९ वर्षांच्या, ते २५ ला टेकलेले. त्यांनी कोणाला काही न सांगता सरळ माधवराव शिंद्यांना पत्र लिहिलं की मला हे लग्न करायचं नाही. आईला नाही सांगितलं, वडलांना नाही, कोणा मध्यस्थाला नाही, ज्याच्याशी लग्न ठरलंय त्यालाच कळवलं. बडोद्यात लग्नाची तयारी चालू होती आणि ग्वाल्हेरहून सयाजीरावांना तार आली की राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय. आईबापांना कळलं ते असं.

मला विचाराल तर त्या मुलीचं धाडस प्रेमात पडण्यात नव्हतं, प्रेमात कोणीही पडतं. खरं धाडस पत्राच्या वरच्या नावात होतं. पळून जाता आलं असतं, आजारी पडता आलं असतं, आईकडे रडता आलं असतं, या सगळ्या वाटा मुलींना माहीत होत्या. तिने हे काहीही न करता समोरच्या माणसाला सरळ कळवलं, हा त्याचा मान ठेवणं पण झालं.

सयाजीराव एवढे सुधारक, मग मुलीच्या लग्नाला विरोध का केला? आम्ही शाळेत त्यांचे धडे वाचून मोठे झालो, वाचून वाईट वाटलं. (कोल्हापूर, आणि याच अर्थाचे अजून बरेच)

वाईट वाटणं साहजिक आहे, मलाही वाटतं, पण त्यांची बाजूही बघू या.

सयाजीरावांनी काय काय केलं ते आपल्याला माहीत आहे, १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात, मुलींनाही. १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा आणला, आणि पुढे १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा, ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा त्याचं नाव पण नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी स्कॉलरशिप दिली ती यांनीच. चिमणाबाई पण कमी नव्हत्या, ज्या १९११ मध्ये मुलीने ते पत्र लिहिलं त्याच साली त्यांचं भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक (सहलेखकासोबत) बाहेर आलं, आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं त्याच्या अध्यक्ष चिमणाबाईच होत्या.

म्हणजे ही मुलगी जे वागली ते याच घरात शिकली होती. तिला पुस्तकं यांनीच दिली, मत असायला हवं हे यांनीच शिकवलं, आणि तिने ते मत पहिल्यांदा जोरात वापरलं तेव्हा घर हादरलं.

विरोधाची कारणं मात्र खरी होती. एक तर ग्वाल्हेरसारख्या घराण्याला दिलेला शब्द मोडायचा म्हणजे अपमान, तो दोन माणसांपुरता राहत नाही, दोन संस्थानांत येतो. दुसरं, कूचबिहार १३ तोफांचं, बंगालच्या उत्तर टोकाचं छोटं राज्य, तिथलं कोच राजघराणं मराठा नाही, आणि जितेंद्र तर तेव्हा राजेही नव्हते, गादीवर मोठे भाऊ होते. तिसरं, ते घर ब्राह्मो समाजाचं, म्हणजे बंगालमधल्या सुधारक धर्मपंथाचं. जितेंद्र यांच्या आई सुनीतीदेवी म्हणजे त्या समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची मुलगी. (त्यांचं लग्नही गाजलं होतं बरं का, १८७८ मध्ये, मुलगी लहान असताना लावून दिलं म्हणून केशवचंद्रांवर त्यांचेच लोक उलटले आणि साधारण ब्राह्मो समाज वेगळा निघाला. सासू-सून दोघींच्याही लग्नांवरून एवढा गदारोळ व्हावा हे विशेषच.) आणि चौथं कारण म्हणजे कूचबिहारच्या मुलांचं विलायती राहणं, पार्ट्या आणि दारू. या चौथ्या बाबतीत आईवडलांची काळजी चुकीची नव्हती, ते पुढे दिसलंच.

त्यात वेळ पण किती वाईट बघा. त्याच दरबारात सयाजीराव साध्या पांढऱ्या कपड्यांत गेले, बादशहाला एकदाच मुजरा केला आणि पाठ फिरवून चालते झाले, यावरून इंग्रजी पेपरांनी त्यांना राजद्रोही ठरवायचं बाकी ठेवलं होतं. सरकारशी ते निस्तरत असतानाच ही तार हातात पडली.

शेवटी दीड-दोन वर्षांच्या ओढाताणीनंतर १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, ब्राह्मो पद्धतीने, आणि बडोद्याच्या घरातलं कोणीही हजर नव्हतं. लक्ष्मीविलासमध्ये हत्ती-घोडे, चौघडे, हजारोंच्या पंगती उठल्या असत्या, त्या मुलीने परक्या शहरात आईबापांशिवाय लग्न केलं. लग्नाला थोडे दिवस होतात न होतात तोच सप्टेंबर १९१३ मध्ये जितेंद्र यांचे मोठे भाऊ राजराजेंद्र नारायण वारले आणि इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या. 

पुढे दुरावा मिटला. नातवंडं बडोद्याला येऊन-जाऊन असायची, गायत्रीदेवींनी आठवणींत आजोळबद्दल फार मायेने लिहिलंय, आजोबांचे शिकवलेले पोपट छोट्या चांदीच्या सायकली चालवायचे वगैरे.

शिफॉनची साडी भारतात यांनीच आणली हे खरं का? इंस्टावर सारखं येतं. (पुणे)

आणली म्हणण्यापेक्षा रुळवली म्हणा. उन्हाळ्यात जड रेशीम नको, सुती साडी समारंभाला चालत नाही, म्हणून फ्रान्सचं शिफॉन साडीच्या मापात करून घेऊन त्या नेसायला लागल्या आणि बघता बघता सगळ्या राण्यांनी उचललं. आई चिमणाबाई नऊवारीतल्या, मुलगी शिफॉनमध्ये, एका पिढीत केवढा फरक!

बुटांचं पण खरं आहे, इटलीच्या फेरागामोकडे त्यांनी एकदम १०० जोडांची ऑर्डर दिली होती आणि काही जोडांवर जडवायला स्वतःच्या खजिन्यातले हिरे-मोती पाठवले होते.

पण मला यातली वेगळी गोष्ट सांगायचीय. १९२२ च्या डिसेंबरमध्ये जितेंद्र नारायण लंडनला वारले, नेमका ३६ वा वाढदिवस होता त्यांचा. दारूने तब्येत गेलेली. इंदिराराजे ३० वर्षांच्या, पदरात पाच मुलं, इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री आणि मेनका, सगळ्यात मोठी आठ वर्षांची आणि मेनका जेमतेम दोनची. आता त्या काळातली विधवा डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे अण्णासाहेब कर्वे हिंगण्याला आश्रम चालवत होते आणि विधवा शिकवल्या म्हणून लोकांची बोलणी खात होते. अशा काळात ही बाई काही दिवस पांढऱ्यात राहिली, आणि मग परत रंग नेसली, दागिने घातले, पाहुणे बोलावले, यजमानीण म्हणून एकटी टेबलाच्या टोकाला बसली. गायत्रीदेवींनी लिहिलंय की नवऱ्याच्या किंवा वडलांच्या सावलीत न राहता बाई, अगदी विधवासुद्धा, आत्मविश्वासाने चारचौघांत वावरू शकते हे आईने दाखवून दिलं. त्या शिफॉनकडे मी असं बघते. फॅशनवाल्या पोस्टमध्ये फोटो सुंदर असतात पण फोटोतली बाई विधवा आहे हे कोणी सांगत नाही.

ताई राग मानू नका, पण १०० जोड बूट, हिरे, युरोपच्या वाऱ्या, हा पैसा कोणाचा? रयतेचाच ना? अशा बायकांचं कौतुक का करायचं? (परभणी)

राग कसला, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर हो असंच आहे. कूचबिहार म्हणजे राजबंशी शेतकऱ्यांचा मुलूख, भात, ताग आणि तंबाखू, आणि महसूल त्यांच्याच शेतातून यायचा. इंदिराराजे इंग्लंडमध्ये घर घेऊन राहायच्या, शिकारीच्या सीझनला लेस्टरशायरला असायच्या, जुगाराच्या टेबलावर पण बसायच्या, हे त्यांच्या मुलीनेच लिहून ठेवलंय, लपवण्यासारखं काही नाही. त्यांच्या वडलांनी तिजोरीतला पैसा शाळा आणि लायब्ऱ्यांवर घातला, त्या मापाने मुलगी तोकडी पडते, हे मला मान्य आहे.

तरी दुसरी बाजू आहे. मुलगा जगद्दीपेंद्र सात वर्षांचा असताना गादीवर आला आणि १९२२ पासून १९३६ पर्यंत, म्हणजे जवळपास १४ वर्षं, इंदिराराजेंनी रीजंट म्हणून, म्हणजे अज्ञान राजाच्या वतीने, राज्य सांभाळलं. वर इंग्रज सरकारची नजर, खाली कौन्सिलमधले सगळे पुरुष, भाषा परकी, मुलूख परका, माहेर पार दुसऱ्या टोकाला. आणि मुलगा मोठा झाल्यावर कारभार त्याच्या हाती सुरळीत दिला. १४ वर्षं दुसऱ्याची गादी राखून परत देणं हे पार्ट्यांमध्ये रमलेल्या बाईचं काम नाही.

कौतुक करा असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की त्यांच्याबद्दल लिहिताना बूट आणि दागिने आधी येतात आणि रीजन्सी एका वाक्यात उरकतात, आणि हे राण्यांच्याच बाबतीत होतं. राजांच्या बाबतीत रोल्स रॉइस मोजतात पण कारभार पण सांगतात.

कूचबिहारला गेल्यावर त्या मराठीपण विसरल्या का? (ठाणे)

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. कूचबिहारच्या राजवाड्यात तीन मुख्य आचारी होते, एक विलायती जेवणाचा, एक बंगाली आणि एक खास मराठी जेवणाचा, आणि तिघांची स्वयंपाकघरं वेगळी, हाताखालची माणसं वेगळी. हिमालयाच्या पायथ्याशी, जिथून पुढे भूतान लागतो, तिथे एका महाराणीने आपल्या माहेरच्या जेवणाची चूल वेगळी मांडून ठेवली होती, याच्यावर मी अजून काय बोलू? जेवणाच्या बाबतीत त्या भारी काटेकोर, एका आचाऱ्याला त्यांनी रोमच्या नावाजलेल्या हॉटेलात नेलं होतं, का तर लझान्या कसा लागायला पाहिजे ते त्याला खाऊन कळावं.

स्वतः प्रेमविवाह केलेल्या बाईने मुलीच्या लग्नाला विरोध केला असं वाचलं, हा दुटप्पीपणा नाही का? (औरंगाबादहून दोन मैत्रिणी)

गायत्रीदेवींना जयपूरचे सवाई मानसिंग आवडले, त्यांच्या दोन राण्या आधीच होत्या, दोघी जोधपूरच्या. म्हणजे आईने दुसरी राणी व्हायला नकार दिला आणि मुलगी तिसरी राणी व्हायला निघाली! आईने विरोध केला तो याचसाठी, आणि मला तरी त्यात दुटप्पीपणा दिसत नाही, ज्या आयुष्यातून आपण स्वतः बाहेर पडलो तिथे मुलीने आपणहून जावं हे कुठल्या आईला आवडेल? इंदिराराजेंनी थांबा म्हटलं, मुलीला वेळ घ्यायला लावला, पण मुलीचं ठाम आहे हे कळल्यावर ९ मे १९४० ला कूचबिहारलाच थाटात लग्न लावून दिलं. आपल्या लग्नात जे आईबाप नव्हते ते दुःख ज्याला माहीत आहे तो माणूस मुलीच्या मांडवात उभा राहतोच.

गायत्रीदेवींचं पुढचं तुम्हाला माहीत आहे, १९४३ मध्ये जयपूरला मुलींची शाळा, १९६२ च्या लोकसभेत २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मतं, आणीबाणीत तिहार. मला त्या सगळ्यात आजी चिमणाबाई आणि आई इंदिराराजे दोघी दिसतात.

अभिनेत्री रायमा आणि रिया सेन खरंच गायकवाडांच्या नात्यात आहेत? (बरेच जण)

हो. इंदिराराजेंची मोठी मुलगी इला त्रिपुराच्या राजघराण्यात दिली, तिचा मुलगा भरत देव वर्मा, त्यांची बायको मुनमुन सेन म्हणजे सुचित्रा सेनची मुलगी, आणि रायमा-रिया या त्यांच्या मुली. म्हणजे इंदिराराजे त्यांच्या पणजी आणि सयाजीराव खापरपणजोबा. धाकटी मेनका मात्र देवासला, म्हणजे परत मराठी घरातच गेली, आणि देवास हे चिमणाबाईंचं माहेर.

इला १९४५ मध्ये आणि इंद्रजितेंद्र १९५१ मध्ये गेले, दोन्ही मुलं आईच्या हयातीत. स्वतः इंदिराराजे ६ सप्टेंबर १९६८ ला मुंबईत वारल्या.

कूचबिहारचा राजवाडा बघता येतो का? आणि कूचबिहार ट्रॉफी याच घराण्याची का? (डोंबिवली)

दोन्हीला हो. आपली पोरं जी अंडर-नाइन्टीन क्रिकेटची कूचबिहार ट्रॉफी खेळतात तिचं नाव याच घराण्यावरून, इंदिराराजेंचे चिरंजीव जगद्दीपेंद्र स्वतः बंगालकडून रणजी खेळलेले. राजवाडा १८८७ चा, विटांचा, मधे मोठा घुमट, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि आत म्युझियम आहे. संस्थान १९४९ मध्ये भारतात विलीन झालं आणि १ जानेवारी १९५० पासून तो पश्चिम बंगालचा जिल्हा आहे. रेल्वेने न्यू कूचबिहार स्टेशनला उतरायचं, तिथून शहर जवळच. दार्जिलिंग किंवा डुआर्सची ट्रिप काढणार असाल तर एक दिवस जास्तीचा ठेवा, आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास आधी बघून जा म्हणजे ही मुलगी कुठून निघून कुठे गेली ते नीट कळेल.